बाईंनी पाठ फिरवली तेव्हा

डॉ. कुसुमताई वांगीकर यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. भांडण माझं नव्हतं, माझ्या वडिलांचं होतं.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. देशात खुलं धोरण आलं होतं म्हणे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या युसूफ वडगावात ते एवढंच पोचलं होतं की बाजारात एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला आणि आमच्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. मी औरंगाबादहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन आलो होतो आणि त्या माळा सोडवत गल्ल्यामागे बसलो होतो. केजच्या वाटेवर एका विश्वस्त संस्थेच्या छोट्या दवाखान्यात पुण्याहून आलेल्या कोणी डॉक्टरीणबाई प्रयोगशाळेसाठी माणूस शोधतायत, असं कानावर आलं. मी निघालो, तर अप्पा, म्हणजे माझे वडील, टोपी घालून माझ्याआधी दारात उभे.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असतील. सुती पातळ, दोरी लावलेला चष्मा, हाताला स्पिरिटचा वास. अप्पांनी आमच्याकडच्या रीतीने ‘शरणार्थ’ म्हणून हात जोडले आणि बसायच्या आत विचारलं, “बाई, पोराला काम काय देनार?”

“म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनिया होतो. तो कुठल्या जंतूने होतो, ते शोधायचं.”

अप्पा हसले. “त्यात शोधायचं काय हाय? म्हातारी मानसं खोकनारच, आन् एक दिवस जानारच. त्याला एमएस्सी कशाला पायजे?”

बाई उसळल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “अप्पा, तुमच्या दुकानात म्हातारं माणूस आलं तर त्याला शिळा माल देता?”

“आमी? आमी कुनालाच देत न्हाई!” अप्पांचा आवाज चढला.

“मग मी का देऊ? ‘वय झालं, चालायचंच’ हा शिळाच माल आहे. डॉक्टर लोक तोच देतात.”

अप्पा बाहेर आले. मग चपला घालता घालता मला म्हणाले, “बाई लई खमकी हाय. ऱ्हा हितंच.” अशी माझी नेमणूक झाली. अर्ज मी नंतर लिहिला.

पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात बाईंच्या शास्त्रीय कामावर जाणकारांनी लिहिलं असेलच. पण ग्रंथ फक्त जाणकार वाचणार नाहीत, म्हणून मला जमेल तसं सांगतो. न्यूमोकॉकस नावाचा जंतू उतारवयातल्या न्यूमोनियाचं एक मोठं कारण. तो साखरेच्या रेणूंचं आवरण पांघरून असतो आणि या आवरणाचे प्रकार कितीतरी. त्या काळची लस या आवरणांवरच बेतलेली होती. जे प्रकार लशीत, त्यांच्यापुरती ती चालायची, आणि उतारवयात शरीर नुसत्या साखरेला फारशी दादही देत नाही. बाईंचं लक्ष होतं जंतूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांकडे. आवरण बदललं तरी यातली बरीचशी प्रथिनं पुष्कळ अंशी तीच राहतात. लस त्यांच्यावर बेतली तर एकाच लशीत अनेक प्रकार आवाक्यात येतील आणि म्हाताऱ्या शरीरालाही काही पकडायला मिळेल, असा तो विचार.

मला हे पोळ्याच्या दिवशी कळलं. दवाखान्यासमोरून बैल मिरवत चालले होते. बाई खिडकीत उभ्या होत्या. म्हणाल्या, “शेटे, प्रत्येक बैलाची झूल वेगळी. आजची लस झूल बघते. मला शिंगं बघणारी लस हवी.”

मी नुकता एम.एस्सी. झालेला, गप्प बसतो थोडाच! “बाई, शिंगं तरी सगळ्यांची एकसारखी कुठं असतात?”

“नसतात ना! म्हणून तर आधी आपल्या जिल्ह्यातले बैल धरायचे. आणि मग आपल्या म्हाताऱ्यांचं रक्त त्यांची शिंगं ओळखतं का, ते बघायचं.”

बोलायला सोपं होतं. बैल सापडेनात.

हा जंतू वाढवायला रक्त घातलेलं माध्यम लागतं. आमच्याकडे ते रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या मानवी रक्ताचं करायची पद्धत होती. त्यावर हा पठ्ठ्या नीट वाढत नाही. बाईंना मेंढीचं रक्त हवं होतं. उमापूरच्या बाजूला बिरूमामा नावाचे एक मेंढपाळ मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, टाकून उतरले होते. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि मेंढीच्या मानेतून थोडं रक्त काढू द्या म्हणाल्या. बिरूमामांनी आधी बाईंकडे, मग सुईकडे बघितलं.

“रगत कावून पायजे?”

“एका जंतूला जेवू घालायचंय.”

“आन् मंग?”

“मंग त्याला ओळखायचं. आणि मग मारायचं.”

“आरं तिच्या!” बिरूमामा मांडीवर थाप मारून हसले. “पावन्याला जेवू घालून मारता व्हय! घ्या बापा, घ्या.” तेव्हापासून प्रयोगशाळेत त्या जंतूचं नाव पाहुणा पडलं. मेंढीला काही होत नाही हे पटल्यावर मामा दर वेळी स्वतः ती धरून बसत. त्यांच्या लेकीच्या लग्नात बाईंना मानाच्या पंगतीत बसवलं होतं, आणि बाईंनी वाढलेलं सगळं संपवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एरवी बाईंचं जेवण म्हणजे दोन घास आणि चार विचार. चहाबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्या हातचा चहा प्यायलेली माणसं पुन्हा चहाच्या वेळेला येत नसत.

पाहुण्याला कर्बवायूही लागतो. त्यासाठी बरणीत त्या माध्यमाच्या ताटल्या ठेवून आत मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट लावायचं. ती विझली की आत हवा हवी तशी होते. बरण्या आमच्या दुकानातल्या, गोळ्या-बिस्किटांच्या. अप्पांनी धुऊन दिल्या आणि विचारलं, “बरणीत दिवा कशाला? आत देव बसवलाय का काय?” बाई म्हणाल्या, “अजून आला नाही अप्पा. वाट बघतोय.”

खरंच वाट बघत होतो. गावोगावी जाऊन खोकणाऱ्या म्हाताऱ्यांकडून तपासणीच्या बाटल्या भरून आणत होतो, ताटल्यांवर पसरत होतो आणि दुसऱ्या दिवशी तोंडातले नेहमीचे जंतू तेवढे उगवलेले बघत होतो. पाहुण्याचा पत्ता नाही. पुढची तपासणी ज्यांच्या प्रयोगशाळेत व्हायची, ते पुण्याचे ज्येष्ठ सर एकदा स्वतः येऊन सगळं बघून गेले. माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाले, “वांगीकर, तुमच्या भागात हा जंतू फारसा नसावा. हा हिवाळा बघा. नाही सापडला तर काम थांबवू, आणि तुम्हाला दिलेला फ्रीझर मला परत न्यावा लागेल.”

बाई “बरं” म्हणाल्या. सर गेल्यावर काचसामान धुवायला लागल्या. ते माझं काम होतं. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, “शेटे, एकदा का ‘बीडकडे नाही’ असं कागदावर गेलं ना, की पुढे लस आली तरी ती बीडकडे येणार नाही. आपली माणसं वयानेच जातात, असंच ठरेल.” धुतलेली बाटली त्यांनी पुन्हा धुतली.

त्या हिवाळ्यात आम्ही शिरूर कासारच्या बाजूला ठाण मांडलं. दिवाळी झाली की तिकडची बरीचशी धडधाकट माणसं ऊसतोडीला कारखान्यावर जातात. गावात राहतात म्हातारी. घर सांभाळायला, शेरडं सांभाळायला. थंडी त्यांच्याच वाट्याला येते आणि न्यूमोनियाही. दवाखान्यात न्यायला घरात कोणी नसतं, म्हणून दवाखानाच जीपमधून तिकडे न्यायचा, हे बाईंचं म्हणणं.

आमच्या बाटल्यांवर छापील चिठ्ठी असायची, ‘थुंकी तपासणी’. सांगितलं तसं बिचारी माणसं करत. एक आजोबा तर काठोकाठ भरलेली बाटली घेऊन आले आणि अभिमानाने म्हणाले, “सकाळधरनं थुकतोय साहेब. अजून पायजे असली तर सांगा.” स्वच्छ, पाण्यासारखी थुंकी! आम्हाला हवा होता छातीतून खोल खोकून निघालेला बेडका. आम्ही मागत होतो एक आणि आम्हाला हवं होतं दुसरंच. तरी अजून खरी गोम आमच्या ध्यानात आली नव्हती. ती गोदाआजींनी दाखवली.

गोदाआजी एकट्याच होत्या, मुलगा-सून कारखान्याला गेलेले. अंगात ताप, धाप लागलेली, एका कुशीत कळ. बाईंनी तपासलं, इंजेक्शन भरून ठेवलं आणि औषध अंगात जायच्या आधी बाटली पुढे केली. “आजी, खोल खोकून यात टाका.”

आजी खोकल्या. तळातून, बरगड्या धरून. तोंड भरलं, ते आम्हाला दिसलं. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि सगळं गिळून टाकलं. मग ओठ पुसून बाटलीत नाजूकपणे थोडी थुंकी सोडली.

बाई बघत राहिल्या. “आजी, गिळलंत कावून?” बाईंच्या तोंडी ‘कावून’ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“आता गं बया! तुमच्यासारक्या मोठ्या मानसाम्होरं बेडका टाकू व्हय? आन् ह्यो गडी हाय की हितं उभा! आमाला काय रीतभात हाय का न्हाई?”

बाई हसायला लागल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आजीही धापेतून हसल्या, का ते त्यांनाही कळलं नसावं. बाई उठल्या आणि मला म्हणाल्या, “शेटे, पाठ फिरवा.” आम्ही दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मागे खोकला सुरू झाला तशा बाई मोठमोठ्याने कॅलेंडर वाचू लागल्या. “संकष्टी कधी आहे हो शेटे? आणि ही अमावास्या इतकी लवकर?” मीही ओरडून ओरडून तिथी सांगत होतो. आजीला आपला आवाज कुणी ऐकतंय असं वाटू नये म्हणून दोन शिकलेली माणसं भिंतीशी पंचांगावर कालवा करत होती!

“घ्या,” मागून आवाज आला. “झालं. बगू नका तेच्याकडं.” बाटलीवर पदराचं टोक झाकलेलं होतं.

परतताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, “इतके दिवस आपण या माणसांकडे तोंड करून उभे होतो शेटे. तिथंच चुकत होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर बाई माझ्याआधी बरणी उघडून बसल्या होत्या. “या,” त्या हळूच म्हणाल्या. “पाहुणा आलाय.” ताटलीवर कॅरमच्या सोंगट्यांसारख्या, मध्ये दबलेल्या बारीक वसाहती होत्या, भोवती हिरवट वलय. खात्री करायची ठरलेली चाचणीही पुढे बरोबर आली. मी नाचलो. खरंच नाचलो, ॲप्रन घालून. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही पुष्कळ भिंती पाहिल्या आणि पुष्कळ पाहुणे घरी आणले. बाटल्यांवरचा शब्द बाईंनी बदलून घेतला, ‘बेडका’ असा ठळक छापला. कार्यालयातल्या कोणी कुरकुर केली की शब्द बरा दिसत नाही. बाई म्हणाल्या, “तो दिसायला छापला नाही, कळायला छापलाय.”

गोदाआजी बऱ्या झाल्या. त्यांचं रक्त आम्ही थर्मासमध्ये गारेगारवाल्याकडचा बर्फ घालून एसटीने पुण्याला पाठवलं. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या शरीराला त्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची ओळख पटली आहे का, हा प्रश्न होता. उत्तर बाईंनी एसटीडीच्या बूथवर ऐकलं. लाईन खराब, बाई ओरडत होत्या, “काय? आजीच्या रक्ताने ओळखलं? स्पष्ट? नक्की ना?” रांगेतले एक काका मला हळूच म्हणाले, “कुनाचा खून झालता का?” बाई बाहेर आल्या त्या काकांना नमस्कार करतच. म्हणाल्या, “खून नाही हो. आमची म्हातारी हुशार निघाली.” फ्रीझर परत गेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता खरं ते सांगायला हवं. शिंगं ओळखणारी ती लस अजून बाजारात आलेली नाही. साखरेला प्रथिनाची जोड दिलेल्या चांगल्या लशी आल्या, आणि तिकडे जगभर लोक पृष्ठभागावरच्या प्रथिनांमागे आहेतच. बाईंनी जपलेले जंतू आणि जपलेली रक्तं पुढच्यांच्या उपयोगी पडली. समारंभात कोणी भाबडेपणाने “मॅडमनी लस शोधली” असं म्हटलं की बाई तिथल्या तिथे त्याला खाली बसवतात. मी एकदा चिडून विचारलं, इतकं करून तुम्हाला काय मिळालं? तर म्हणाल्या, “बीडकडे आहे, हे लिहिलं गेलं. पुरे.” मला ते पुरेसं वाटत नाही. मी आजही त्यावर भांडायला तयार आहे.

बाईंचा लोभ किती, हे मला घरीच कळलं. काही वर्षांनी अप्पा तापाने पडले. मी बाईंना निरोप धाडला, आणि त्या जीप घेऊन स्वतः आल्या. बाई जीप कशी चालवतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या उपकाराचं वजन कळेल. अप्पा दुकानामागच्या खोलीत पडलेले, आणि तोच प्रकार, बाईंसमोर खोकेनात. बाई फळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि डब्यांवरची नावं वाचू लागल्या, “हळद, धने, जिरे, मोहरी...” मागे अप्पा मोकळेपणाने खोकले. मग दमल्या आवाजात म्हणाले, “बाई, बडीशेप वाचायची ऱ्हायली.” अप्पा बरे झाले. पुढे दुकानात कुणी खोकलं की सामान बांधता बांधता ते सांगत, “बाईकडं जावा. त्या पाठ करून उभ्या ऱ्हात्यात. लाजू नका.” जी बाई पाठ फिरवते तिला आपण एरवी निर्दय म्हणतो. आमच्याकडे त्याच गोष्टीसाठी लोक बाईंचं नाव काढतात.

हा लेख लिहायला मी उशीर केला, त्याचं कारण ग्रंथाच्या समितीला माहीत आहे. या हिवाळ्यात बाई स्वतः न्यूमोनियाने दवाखान्यात होत्या. मी धावत गेलो. ऑक्सिजनची नळी लावलेली, चेहरा उतरलेला. मला फार भीती वाटली. ती लपवण्यात अर्थ नाही. एक तरुण डॉक्टर बाटली धरून समोर उभे होते आणि पुन्हा पुन्हा सांगत होते, “मॅडम, खोल खोका.” बाई खोकल्या. तोंड भरलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गिळून टाकलं.

ज्या बाईंनी अख्ख्या तालुक्याला हे शिकवलं, त्या बाईंनी!

“डॉक्टर,” मी म्हणालो, “पाठ फिरवा.” ते गोंधळले, पण फिरले. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. समोर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. मी मोठ्याने वाचायला लागलो, तिथी, वार, सण, जे दिसेल ते. मागे खोकला सुरू झाला, खोल, तळातला, आणि बराच वेळ चालला. मग थांबला.

“घ्या,” बाईंचा आवाज आला. “बेडका आहे. थुंकी नाही. आणि शेटे, संकष्टी तुम्ही दोनदा वाचलीत.”

पुढे त्या बऱ्या झाल्यावर मी विचारलं, “बाई, तुम्हाला तर सगळं माहीत होतं. मग गिळलंत का?” म्हणाल्या, “माहीत डोक्याला असतं हो. रीत घशात असते.”

बाई, पंचाहत्तरी झाली. ‘वय झालं, चालायचंच’ हा शिळा माल आम्ही कुणालाही तुमच्या गळ्यात मारू देणार नाही. तुमची छाती मोकळी राहो, श्वास लांब चालो, आणि शिंगं ओळखणारी ती लस जिल्ह्यात येईल तेव्हा पहिली सुई तुमच्या दंडात जावो. आणि मध्ये कधी खोकला आलाच, तर संकोच करू नका. आम्ही तुमची सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी आहोत. कॅलेंडर वाचतोय. तुम्ही खोका.

तुमचा,
महालिंग शेटे
युसूफ वडगाव